वजन

चौतीस होड्यांत आमची एकतिसावी.
इरा बुळे सुकाणूवर,
मी तारेला टांगलेली, होडीबाहेर,
पाण्यावर आडवी.
माझं काम एवढंच: वजन असणं.

बिलावली तलावात शिकलेल्या आम्ही.
तिथलं वारं खंडवा रोडवरून येतं,
वाटेत चहा घेऊन आल्यासारखं.
तिकडच्या समुद्राला सवडच नव्हती.
दुसऱ्या बोयेपाशी उलटलो.
शिडाखालच्या काळोखात इराचा हात
आधी माझ्या जॅकेटचा पट्टा चाचपत आला,
मग दोर.
तोंडात मीठ. बोललं कुणीच नाही.

आता इंदुरात
तिच्या स्कूटरवर मागे बसते.
पलासियाच्या वळणावर
अंग आपसूक बाहेर झुकतं,
मागचा रिक्षावाला शिव्या घालतो.
इरा वळून न बघता म्हणते,
"अजून थोडी."