कानोसा

यादी इयाच्या हातात होती.
कॉलेजच्या छापील कागदावर पेन्सिलने वाढवलेली:
सोळा जीबी. एसएसडी. दोन पोर्ट तरी हवेत,
आणि हेडफोनचं गोल भोक,
जे नव्या मशीनना आता नसतंच म्हणे.
खाली, दोनदा अधोरेखित: आवाज नको.

मी म्हणालो, आवाजाचंच तर शिकायला चाललीस,
मग आवाज नको कसा?
ती म्हणाली, बाबा, नाटकात एक जागा येते,
कुणीच बोलत नाही.
बाई एक पत्र घडी करते, एवढंच.
तीनशे माणसं श्वास धरून,
आणि नेमका तेव्हा विंगेतून
माझ्या लॅपटॉपचा पंखा घूं करायला लागला तर?

हे मला कळलं.
एकतीस वर्षं कुताइसीच्या बस डेपोत
बॉनेट उघडण्याआधी मी कानोसा घेत आलो.
बेअरिंग, टॅपेट, ढिला पट्टा,
प्रत्येकाचं रडगाणं वेगळं.

तिबिलिसी, स्टेशनजवळचा बाजार, तळघरातलं दुकान.
चार तास मिनीबसमध्ये बसून कंबर धरलेली.
लाशा नावाचा पोरगा, इयाहून दोनेक वर्षांनी मोठा,
त्याने आधी लाल-निळं लुकलुकणारं काढलं:
"ह्याच्यावर काहीही पळेल, काका."
मी कान लावला.
घाटातल्या टँकरसारखं धापत होतं.

दुसरं चंदेरी, वहीएवढं पातळ.
किंमत ऐकून दोन्ही हातांनी खाली ठेवलं,
परक्याचं तान्हं मूल ठेवावं तसं.
तिसऱ्याला आवाज नव्हता, पण भोकही नव्हतं.
चौथं इयाने सॅकमध्ये घातलं,
नाचाचे बूट आणि भरलेली बाटलीही,
आणि दुकानाच्या पायऱ्या तीनदा चढली-उतरली.
होस्टेलला लिफ्ट नाही.
नको, म्हणाली.

पाचवं वापरलेलं.
झाकणावर ओरखडा, आणि कुणा मारेखचं नाव
खरवडूनही अर्धं उरलेलं.
तळाच्या स्क्रूंचे माथे शाबूत होते,
म्हणजे अडाणी हात लागलेला नाही.
लाशाने एक जड फाइल दहा मिनिटं चालवली.
मी कान टेकवून उभा. गाल कोमट झाला.
काही नाही.
म्हणजे अगदीच काही नाही असं कधी नसतं,
आत खोल कुठेतरी झोपलेल्या मांजराइतकं.

"आता दिवे घालवा," इया म्हणाली.
लाशा हसला. ती हसली नाही.
पडद्याचा उजेड किती मंद होतो
ते बघायचं होतं तिला.
त्याने मेन स्विच खाली ओढला.

शेजारून कुणी ओरडलं, "लाईट गेली का?"
माझ्या तरुणपणी वीज हिवाळा-हिवाळाभर नसायची.
तो काळोख कुणी मागितलेला नव्हता.
हा तिने मागून घेतला होता,
आणि त्यात तिचा चेहरा एकेक पायरी उतरत गेला:
कपाळ, मग नाकाचा शेंडा,
मग नुसती बोटं.

"इया?"
"श्श."

मी श्वास धरला. जमेना.
तेव्हा ऐकू आलं,
एक बारीक घरघर, फाटक्या पट्ट्यासारखी.
मशीनमधली नव्हती.
डिझेलच्या धुरात एकतीस वर्षं उघडी ठेवलेली
माझीच छाती.

दिवे आले.
इया माझ्याकडे बघत होती, लॅपटॉपकडे नाही.
मी घाईघाईने भाव करायला लागलो.
चौदाशे लारींवरून साडेतेराशे,
वर एक माऊस, जो तिला नको होता.

परत येताना ती झोपली, मशीन पोटाशी धरून.
यादी सीटवर घसरली होती.
आवाज नको, याच्यासमोर बरोबरची खूण.
त्याखाली नव्याने: बाबा. एक्स-रे.
मी कागद होता तसा ठेवला.

गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठोका होता.
उतरताना ड्रायव्हरला सांगितलं.
"माहितेय," तो म्हणाला,
"चालतेय तोवर चालवायची."
इया पायरीवरच थांबली.
"नाही," ती म्हणाली,
आणि कुणाला, ते सांगितलं नाही.