नव्याण्णव टक्के

वायर उपटली की हा जागच्या जागी विझतो.
ना कुरकुर, ना इशारा.
पडदा काळा, आणि त्यात माझंच तोंड, चष्म्यासकट.
वायर लावली की कोपऱ्यात पुन्हा तोच आकडा:
नव्याण्णव टक्के.
गेले तीन आठवडे नव्याण्णव.
शाळेत कालिंदी शेवडे होती माझ्या बाकावर,
उत्तर येवो न येवो, हात वर.
तिची आठवण झाली.

करायचं ते सगळं केलं.
चार्जर बदलला, भिंतीवरची जागा बदलली,
सगळं बंद करून बटण तीस सेकंद दाबून धरलं,
एक, दोन, तीन,
मोजायचं म्हटलं की मला अजून मराठीच लागते.
ड्रायव्हर काढला, परत घातला.
पाठीवर टाचणीएवढं भोक सापडलं,
त्यात कानातल्याची दांडी खुपसली.
नव्याण्णव.

मग खालच्या मजल्यावरचा अ‍ॅलिस्टर पेट्री जिना चढून आला,
एका पायरीवर एक श्वास.
घड्याळांच्या कारखान्यात बावीस वर्षं,
कारखाना बंद पडून त्याहून जास्त,
पण भिंग अजून खिशात.
"हेन," तो म्हणाला
(डंडीत बाईला मायेनं कोंबडी म्हणतात,
पहिल्या वर्षी मी फार रागावले होते),
"हेन, एक बशी दे. चहा नको, नुसती बशी."

बशीत अकरा स्क्रू, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं,
घड्याळाच्या तासांसारखे. बाराच्या जागी काही नाही.
झाकण उचललं.
बॅटरी तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म.
आयुष्यभर जे फुगलं की बरं वाटायचं,
ते बघून मी दोन पावलं मागे सरले.
"टोचू नकोस," तो म्हणाला, जसं काही मी टोचणारच होते.
मीटरच्या लाल-काळ्या सुया टेकवल्या.
बराच वेळ बघत राहिला.
"ही कधीच गेलीय.
आणि तुला सांगत बसलीय, भरलेय म्हणून."

इथे उपमा अगदी दारात येऊन उभी राहिली.
रविवारी फोनवर भाऊ विचारतो, कशी आहेस,
आणि मी म्हणते, झकास.
उपमेला म्हटलं, चपला बाहेर काढ
आणि तिथेच थांब जरा.
आत माणूस काम करतोय.

बॅटरी वाळूच्या डब्यात घालून तो घेऊन गेला.
नवी यायला नऊ दिवस, चौसष्ट पौंड,
लॅपटॉपची किंमत त्याहून कमी भरली असती.
तोवर हा स्वयंपाकघरात, केटलच्या शेजारी,
जुळ्या स्विचांतल्या डावीकडच्यावर जगत होता.
भावाला लिहीत होते, यंदाही जमणार नाही म्हणून,
एकोणीस ओळी झाल्या होत्या,
आणि अ‍ॅलिस्टरनं चहा ठेवायला म्हणून
डावीकडचा स्विच पाडला.
"सॉरी, हेन."
पुन्हा लिहायला बसले तेव्हा
'झकास' हा शब्द कुठे घातला होता
तेच आठवेना.
राहू दिला.

दहाव्या दिवशी अकरा स्क्रू परत गेले,
एक जरा तिरका.
शंभर टक्के दिसले, मी विश्वास ठेवला नाही.
डोळे मिटून वायर उपटली,
आणि उघडले तर पडदा तसाच उजेडात.
उचलला, दोन्ही हातांवर, तान्ह्या पोराला नेतात तसा,
खिडकीपाशी आणला, जिथून टे नदीचा एक तुकडा दिसतो,
दोन धुराड्यांच्या मधे.
शंभर.
नव्याण्णव, पण खरे नव्याण्णव.
अठ्ठ्याण्णव.
आकडा उतरताना बघून
इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.
सत्त्याण्णव.
"चहा?" अ‍ॅलिस्टरनं आतून विचारलं.
म्हटलं, पाड, कुठलाही स्विच पाड.