नाही पटलं

मे महिन्यात आमची बैठक खोब्रागडे सरांकडे भरते,
कारण कूलर त्यांचाच चांगला.
नवी खस, ओला वास,
आणि पानं आपोआप उलटतात,
म्हणून प्रत्येकाच्या हातात स्टीलचा चमचा,
पान दाबून धरायला.
चमचे पोह्यांचेच. तर्रीचा डाग
कुणाच्या पुस्तकावर पडला, हा तपास
पुढच्या रविवारपर्यंत चालतो.

हेमलता शेवटचं पान आधी वाचते.
म्हणते, कोण मरणार ते एकदा कळलं
की मी त्याच्याशी नीट वागते.

सर समासात पारा लिहितात.
'पान ७१. ४६.२. लाइट गेली.'
त्यांच्या कपाटात असे त्रेचाळीस उन्हाळे आहेत.
दीक्षाभूमीवरून दर ऑक्टोबरात पुस्तकांचं गाठोडं आणतात
आणि आकडा विचारला तर वजन सांगतात:
यंदा साडेअकरा किलो.

फिरोज कूलर दुरुस्त करायला आला होता.
मोटर उघडी टाकून ऐकत बसला, ते अजून बसलाच आहे.
त्याला मनातल्या मनात वाचता येत नाही.
गंजीपेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक उभं असतं,
हा आतून मोठ्यानं वाचतो,
'थांबा नं भाऊ, पान होऊन राहिलं.'

आणि मी पुस्तक देत नाही.
ही काही वाचायची सवय नव्हे,
पण माझ्याबद्दल सगळ्यांना एवढंच पाठ आहे.

एकदाच दिलं होतं, ऑफिसातल्या एकाला.
नदीकाठच्या एका शिक्षिकेची गोष्ट,
फार कुणी न वाचलेली, पाठपुठ्ठा सैल झालेला,
वरून मी घातलेलं ब्राउन पेपरचं कव्हर.
त्याची गडचिरोलीला बदली झाली. पुस्तकाचीही झाली.
त्या माणसाचं नाव मी विसरलो,
पुस्तक कुठल्या फळीवर, कितवं होतं, ते नाही.

या फेब्रुवारीत सीताबर्डीच्या फुटपाथवर,
भरतीच्या गाइडांच्या ढिगाखाली
ब्राउन पेपरचा एक कोपरा दिसला.
चाळीस रुपये म्हणाला. मी घासाघीस केली नाही.
त्याला वाटलं असणार, आपलंच काही चुकलं.

घरी येऊन बूटही न काढता बघितलं.
पान एकशे बारा. माझी पेन्सिलची रेघ,
त्या वयातली, पट्टी लावून मारलेली,
'माणूस वाचताना एकटाच असतो' या वाक्याखाली.
आणि रेघेच्या खाली, निळ्या शाईत, गिचमीड:
नाही पटलं.

ऑफिसातल्याचं अक्षर असं नव्हतं.
एकशे तीसवर हळदीचं बोट.
एकशे चव्वेचाळीसवर एसटीचं तिकीट, उमरेड ते नागपूर.
मग चाळीस पानं काहीच नाही.
मी कासावीस. सोडलं की काय यानं?
अगदी शेवटी, जिथे मी कधीच काही लिहिलं नव्हतं,
'रडले. भाजी करपली.'

यानं नव्हे, हिनं.

रविवारी हे सगळं मी बैठकीत वाचून दाखवलं.
फिरोजनं 'नाही पटलं' तीनदा वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघितलं,
तिसरा बहुतेक तिचा असावा.
सर म्हणाले, पारा लिहायला हवा होता तिनं.
तिकिटावरची तारीख आम्ही बल्बसमोर धरून पाहिली.
उडालेली.
कुणीतरी म्हणालं, भाजी कसली असेल?
त्यावर अर्धा तास गेला.

मग हेमलतानं हात पुढे केला.
सगळे माझ्याकडे पाहून राहिले.
कूलरचं पाणी संपलं होतं,
पंप कोरडा घरघरत होता,
फिरोजसुद्धा उठेना.

तिकीट त्याच पानात राहू दे, मी म्हटलं.
आणि शेवटचं पान आधी वाचू नको.

ती हसली.
म्हणजे वाचणार.