डबल नोंद

मिहानमध्ये, रात्रपाळीला, माझं काम एवढंच:
इटलीतल्या वीजग्राहकांची यादी चाळायची
आणि एकच माणूस दोनदा आला असेल
तर एकाला पुसायचं.

मोलिनारी. मोलिनारी. मोलिनारो.
मुनारी, मोनारी, पुन्हा मोलिनारी.
पहिल्या आठवड्यात वाटलं,
कोणाची तरी बोटं घसरली कीबोर्डवर.
दीपंकर सर म्हणाले, थांब, पुसू नको,
चुका नाहीत, आडनावं आहेत ती.
मोलिनो म्हणजे चक्की.
एका मुलखात एक उच्चार, दुसऱ्यात दुसरा,
कुठे मधलं अक्षर पिठासारखं उडून गेलं.

मी हेडफोन काढला.
कानात आमचा पट्टा फिरत होता.

नंदनवनला, शेवटच्या बसथांब्यामागे,
बाबांची चक्की आहे, दहा हॉर्सपॉवरची.
आमचं खरं आडनाव गिऱ्हेपुंजे.
ते रेशनकार्डावर आहे, आणि माझ्या आयडीकार्डावर,
जिथे इंग्रजीत मावलं नाही म्हणून शेवटचं अक्षर गळालं.
मोहल्ल्यात ते कोणी उच्चारत नाही.
लोकांच्या मोबाइलमध्ये बाबा ‘चक्की’ आहेत,
‘चक्की नंदनवन’, ‘चक्कीवाले भाऊ’,
एका बाईंच्या फोनमध्ये नुसतंच ‘आटा’.
मी अजूनही चक्कीची पोरगी.

सकाळी कॅबने सोडलं तेव्हा बाबा
वरचा पाटा उलटा करून टाकी लावत होते.
भुवया पांढऱ्या, वयाने नव्हे.
सांगितलं, तिकडे आपल्यासारखे हजारो आहेत,
नावच चक्कीवाले.
“काहून? लय दळतेत का तिकडले?”
मग टाकी थांबली.
“गावात चक्की एकच असन,” ते म्हणाले,
“म्हनून त्याले नाव पडलं.
दहा असत्या तं कोन कोनाले चक्कीवाला म्हन्ते?
आन् गावं किती!
गावागावात एकेक.”

हिशेब झाला. पुन्हा ठोकू लागले.
थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना:
“त्यायलेबी लोक चोर म्हनत असन.
पाच किलोतलं मूठभर उडतेच.
घट कोनाले समजते?”

भिंतीशी डबे. झाकणांवर आईचं खडूतलं अक्षर:
हटवार, बारीक.
ठवरे, ज्वारी, गव्हावर नको.
डोंगरवार, कालचे पैसे बाकी.
बशीर टेलर, जाड.
बशीरचाचांनी डोळ्यांपायी मशीन विकली, तीन वर्षं झाली.
झाकण तेच आहे.

आधी ही रांग रस्त्यापर्यंत जायची.
आता अकरा वाजता पट्टा उतरतो,
आणि बाबा पेपर वाचतात, जाहिरातींसकट.
कोपऱ्यावरच्या मार्टात दळलेली पिशवी मिळते,
तिला झाकण नाही, खडू नाही.

बाबांना एक सांगितलं नाही.
त्या यादीत नावापुढे एक रकाना असतो, जोडणीचा प्रकार.
मी खाली, खाली, खाली गेले:
मोलिनारी, घरगुती.
मुनारी, घरगुती.
मोलिनारो, घरगुती, बंद घर.
दळणारं कोणी सापडलं नाही.
आमच्या बिलावर अजून थ्री फेज आहे.

काल पहाटे, चारच्या सुमारास,
दोन मोलिनारी समोरासमोर आले.
पहिलं नाव तेच, गल्ली तीच,
घर चार आणि घर चार-अ.
यंत्र म्हणालं, एकच माणूस, शक्यता चौऱ्याण्णव टक्के.
पुसू का?

बाहीवर बघितलं. पीठ होतं,
निघताना दारातून आलेलं.
म्हटलं, राहू दे दोघांनाही.
एका गल्लीत दोन चक्कीवाले.

बाबा ऐकतील तर म्हणतील,
मंग नाव कायनं पडलं?