कायमचा पत्ता

खानेसुमारीचा पोरगा विचारतो,
कायमचा पत्ता?
नासिलेले जाळ्याची गाठ मारता मारता म्हणते,
कुठल्या महिन्यातला?

इथला पाऊस थांबून महिना होतो
तेव्हा कुठे झांबेझीला पाणी चढतं.
दुसऱ्याच देशात पडलेलं,
वाटेत गवताशी बोलत येतं, घाई नसते.
आधी उंदीर येतात वारुळांकडे,
मग मुंग्या, एकमेकींना धरून तरंगत,
मग शेळ्या बिथरतात.
मग आम्ही होडीत: पातेली, कोंबड्या, शिवणयंत्र,
आणि लिकांडोच्या मांडीवर
घराचं दार, बिजागऱ्यांसकट.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण या नदीनं पाय आधी पसरले,
कितीदा कुणास ठाऊक,
आणि पायांना लागून आलेल्या गाळाचंच
हे अंथरूण झालं,
नजर संपेपर्यंत सपाट.
आम्ही ती उठून गेली की
तिच्या ओल्या चादरीवर मका लावणारे.

पोरगा पेन्सिल चावतो.
रकाना एकच आहे.

"लिही, आठ महिने टेकाड,
चार महिने माळाची कड.
नाहीतर असं कर, माझ्या सासूचा लिही.
ती टेकाडाच्या पायथ्याशी, उंबराखाली.
पाणी आलं तरी उठत नाही.
निघताना तिला सांगून निघतो.
परत येऊन बघावं तर
अंगावर बोटभर नवी माती,
आणि एखाद्या वर्षी
वाळलेला एक मासा."