प्रकरण सहावे: मर्यादा

पाच प्रकरणं झाली.
सहाव्याचा नुसता मथळा आहे,
आणि समासात डॉ. वेकेसांची लाल शाई:
"अपोंदी, इथे प्रामाणिक राहा. एक पान पुरे."

रात्रीचे दोन. किसुमूतल्या या लॅबमध्ये
मी, एक कुरकुरणारा पंखा आणि किप्लिमो,
टेबलावर डोकं टेकून झोपलेला,
गालावर कीबोर्डचे चौकोन उमटत चाललेले.
संदर्भसूची त्याच्याकडे होती. एम अक्षरापर्यंत आलीय.

आमचा प्रकल्प सांगायला सोपा:
सरोवरातली जलपर्णी उद्या कुठे असेल
ते आज सांगायचं.
उपग्रहाची चित्रं, विमानतळावरचा वारा,
दोन वर्षांचे आकडे,
आणि पहाटे चारला मच्छीमारांच्या साध्या फोनवर एक ओळ.
वाट मोकळी.
किंवा: आज जाऊ नका.

शंभरातले सत्त्याऐंशी दिवस बरोबर येतं.
हा आकडा आला त्या संध्याकाळी
आम्ही तळलेल्या ओमेनाचा फडशा पाडला,
नासिमियूने आलेखासोबत तिघांचा फोटो काढला.

उरले तेरा.

तेरातल्या एका दिवशी माझा भाऊ ओमोलो गेला होता.
वाट मोकळी, म्हणाला होता फोन.
दुपारी वारा फिरला
आणि ते हिरवं रान चारी बाजूंनी येऊन
होडीला बिलगलं.
वल्हं रुतायचं, निघायचं नाही.
दोन रात्री.
जांभळी फुलं, डास,
पाण्यात असून पाण्याला हात न पोचणारा माणूस.
किनाऱ्यावर आईचा कंदील, तेल संपेपर्यंत,
मग शेजारणीचा.

परतला तेव्हा मासळी कुजली होती.
ओरडला नाही.
फोन माझ्यासमोर धरला, म्हणाला,
"तुझा निरोप मिळाला होता."

आमच्या शास्त्रात याला फॉल्स निगेटिव्ह म्हणतात.
तक्ता क्रमांक नऊ, खालची डावी चौकट.
चौकटीत तो मावतो. मी मोजून पाहिलंय.

आणि तरी चौथ्या दिवशी तो पुन्हा निघाला,
माझाच निरोप वाचून.
अडवलं तर म्हणाला,
"शंभरात सत्त्याऐंशी?
माझे स्वतःचे साठसुद्धा भरत नाहीत.
आजवर मला कुणी गुण दिले नाहीत, एवढंच."

मर्यादा.
माणसाने सोडू नये म्हणतात ती,
पाण्याने ओलांडू नये म्हणतात ती,
आणि ही तिसरी,
साडेबारा टंकात, दीड ओळीच्या अंतराने.

तर लिहिते:
वाऱ्याच्या नोंदी विमानतळावरच्या आहेत.
पाण्यावरचा वारा वेगळा असतो.
आम्हाला हे माहीत होतं.

शेवटचं वाक्य खोडते.
पंख्याकडे बघत बसते.
पुन्हा लिहिते.

किप्लिमो डोळे चोळत उठतो. "भरलं पान?"
"अर्धं."
"अर्ध्यावर गुण कापतील."
"कापू देत."

चार वाजतात. सर्व्हर एकशे बेचाळीस फोनना
आजची ओळ पाठवतो.
त्यातला एक नंबर मी हाताने लावते.
"ओमोलो, वाट मोकळी म्हणतोय.
पण तू दुपारच्या आत परत ये."

पलीकडे वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज,
मग त्याचं हसू:
"हेही लिही त्यात."