कोरी जागा

पांढरा रंग पांढऱ्या कागदावर उमटेना
म्हणून दुर्वा आधी चिडली.
मग तिनं युक्ती काढली,
अस्वल सोडून बाकी सगळं रंगवलं.
आभाळ, पाणी, बर्फाला गेलेली भेग.
पेटीतली निळी वडी संपली
तेव्हा शेजारच्या दोरकुळकरांकडून मागून आणली.
मधे जे उरलं
ते अस्वल.

हर्णे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मी रात्रपाळीला असतो.
मिठाच्या पाण्यात डबे सोडायचे,
दुसऱ्या रात्री उपसले की आत दगड तयार.
अमोनियाचा वास अंगाला असा चिकटलाय
की घरची मांजर आधी शिंकते, मग जवळ येते.
बावीस वर्षं थंडी बनवतोय.
मागच्या भिंतीतून ऊब बाहेर फेकली जाते,
त्या अंगाला गवत धरत नाही.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.

दुर्वानं विचारलं.
बाईंनी वर्गात सांगितलं होतं,
तिकडं पृथ्वीच्या टाळूवर
बर्फ आता उशिरा धरतो नि लवकर सुटतो.
अस्वल बर्फावर दबा धरून सीलची वाट बघतं,
बर्फच नसला तर पोहत राहतं.
"किती पोहतं?"
"दिवसच्या दिवस."
"आणि मग?"

मी चहा खाली ठेवला.
बाहेर याकूब तांडेल लाद्या मोजून घेत होता.
पूर्वी दहा लाद्यांत त्याची फेरी भागायची,
दोन रात्री, की सुरमई घेऊन हजर.
आता चाळीस नेतो, बारा दिवस जातो.
मासा कुठं सरकला, विचारलं तर
हनुवटीनं नुसतं पश्चिमेला दाखवतो
आणि गोणपाट ओढून घेतो.

"बाबा, आपली एक लादी पाठवूया त्याला?"
हसू आलं नाही.
मी खरोखरच हिशेब केला:
खाली भुसा, वर गोणपाट, त्यावर ताडपत्री,
ऊन लागू दिलं नाही तर आठ दिवस.
नवव्या दिवशी ओला भुसा.
"नाही पोचायची."
"अर्धी तरी?"
"अर्धीही नाही गं."
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "हे मशीन बंद केलं तर?"
तर याकूबची सुरमई कुजेल, तुझ्या शाळेची फी कुजेल,
असं काहीतरी तोंडात आलं.
बोललो नाही.
मीटर फिरत होता, तेवढाच आवाज.

आमच्या खालच्या आळीत आईचा ओटा होता,
बोंबील, जवळा वाळवायचा.
भरतीला तो आता दिसत नाही.
ओहोटीला दिसतो, शेवाळलेला,
त्यावर बगळा एका पायावर उभा,
भाडं भरल्यासारखा.
ओटा आम्ही वर घेतला. दोनदा.
तिसऱ्यांदा वर घ्यायला गेलो तर
वर डांबरी रस्ता होता,
आणि रस्त्यापलीकडे कुणाचंतरी कुंपण.

चित्र कारखान्यात लावलंय, कॉम्प्रेसरच्या खोलीत नाही,
टाकीजवळच्या भिंतीला.
तिचाच हट्ट. म्हणे, इथं त्याला बरं वाटेल.
महिन्याभरात भिंतीची ओल चढली.
निळा सुटला,
खालून सरकत सरकत
कोऱ्या जागेत शिरला.
पहिल्यांदा पंजा गेला.
रविवारी डबा घेऊन आली तेव्हा तिनं पाहिलं,
बोट लावलं, बोटाला निळं आलं.
"उतरला पाण्यात," एवढंच म्हणाली,
आणि बोट फ्रॉकला पुसलं.

ती गेल्यावर मी खिळा उपटला,
एक वीत वर ठोकला.
काल पुन्हा एक वीत.
क्रशर चालू होता, ठोकल्याचा आवाज कुणाला गेला नाही.

अजून दोन वीत भिंत आहे.
वर पत्रा.